बारातले सहा

भागीरथीकाकूंच्या परसात उलट्या घमेल्यावर उभी राहून मी भिंतीवरून आमच्या दाराकडे बघत होते. दारात मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर बसलेला माणूस किक मारून मारून घामाघूम झाला होता.

"पडशील गं," काकू खालून म्हणाल्या. "आणि डोकं खाली घे. तुझ्या आईला शब्द दिलाय मी, पाहुणे जाईपर्यंत तुला कुणाच्या नजरेस पडू देणार नाही म्हणून."

"काकू, गाडी चालू होत नाहीये."

"कुणाची? नवऱ्या मुलाची?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. आता ती आत्या काय बोलते बघ."

आत्या बोललीच. मुलाची आत्या हिरवं इरकल नेसून, पानाचा डबा काखेत धरून मोटारीपाशी उभी होती. मोटार मुलाच्या मामांची. मंडळी लातूरहून तीत बसून आली होती, आणि मुलगा आपल्या मोटारसायकलवरून.

"चारचौघांत सांगते, मला हे काही बरं दिसत न्हाई," आत्या म्हणाली. "एवढ्या लांबून पळत आलेली गाडी मुलीच्या दारात मरून पडावी?"

"आत्या, यंत्र आहे ते," मुलगा किक मारता मारता म्हणाला.

"यंत्राला कळत नसंल, मला कळतं. दारात गाडी अडली म्हंजे दारानंच नको म्हटलं."

मुलगा म्हणजे विश्वंभर, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. तो माझ्या थोरल्या बहिणीला, प्रयागताईला, बघायला आला होता. सगळं छान पार पडलं होतं. पोहे झाले, चहा झाला, ताईनं विणलेला रुमाल आत्यानं उलटसुलट करून बघितला आणि नाक न मुरडता परत ठेवला. मामा, बळवंतराव, रीतीप्रमाणे "आठ दिवसांत कळवतो" म्हणाले, पण उठताना अण्णांचा हात दाबून म्हणाले, "आमच्याकडून पसंतच समजा." हे सगळं मला आमच्या परसाकडच्या खिडकीशी येऊन ताई सांगून गेली होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कितीतरी दिवसांनी पाहत होते.

आणि आता दारात गाडी अडून बसली होती.

मी भिंतीपलीकडे का होते, ते सांगायला हवं. धाकटी बहीण देखणी असली की थोरलीला बघायला येताना तिला शेजारी पाठवतात, अशी आमच्याकडे पद्धत होती. माझ्या बाबतीत देखणेपणाचा प्रश्न नव्हता. मला लपवलं होतं ते माझ्या हातांमुळे.

बार्शीत, मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर, आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लाउडस्पीकरवाल्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडे यायच्या. माझे वडील, अण्णा पांचाळ, बॅटरी नुसती हलवून आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. मग एके दिवशी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ ठिणगी उडाली आणि बॅटरी त्यांच्या तोंडावर फुटली. एक डोळा तिथंच गेला. दुसऱ्याला उजेड आणि सावल्या तेवढ्या उरल्या. भाऊ नव्हता. मी मॅट्रिकला होते. दुसऱ्या आठवड्यात मी दुकान उघडलं.

अण्णा काळा चष्मा लावून पुढे बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे. मी आत गोणपाटाच्या पडद्यामागे काम करायचे. ॲसिडचा थेंब उडाला की तेव्हा काही दिसत नाही, पण पातळ धुतलं की तिथं भोक पडतं. माझं एकही पातळ बिनभोकाचं नव्हतं. हात तर असे झाले होते की देवळात प्रसाद घेताना मी ओंजळ पदराखाली धरायचे.

गल्लीला हे सगळं माहीत होतं. गावाबाहेरच्या पाहुण्यांना आम्ही सांगायचो की दुकानात माणसं आहेत कामाला, आणि अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सुधारतायत. कारण त्याआधी परांड्याचं एक स्थळ खरं कळल्यावर मोडलं होतं. मध्यस्थानं त्यांचा निरोप शब्द न गाळता आणून पोचवला होता: "बापाच्या जिवावर पोरी असतात. तुमच्यात पोरीच्या जिवावर बाप आहे. अशा घरची मुलगी आम्हाला नको." तो निरोप ऐकून अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. ताईनं तर त्यानंतर आपल्या लग्नाचा विषयच कुणाला काढू दिला नव्हता. हे स्थळ काकूंनी आणलं, आईनं देवीला नवस बोलला, आणि मला घमेल्यावर चढावं लागलं.

"ढकलून बघा की," बळवंतराव म्हणाले.

विश्वंभर आणि मोटारीचा ड्रायव्हर लतीफभाई, दोघांनी मिळून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी नुसती हिसके देत थांबली. परत ढकलत आणली. मी भिंतीमागून मनातल्या मनात ओरडत होते की अहो, हिला ठिणगीसुद्धा बॅटरीतूनच मिळते, बॅटरी रिकामी असली तर तुळजापूरपर्यंत ढकला, काही व्हायचं नाही. आणि ती रिकामी का झाली तेही मला दिसत होतं. चावी चालूच होती. आल्या आल्या गाडी दारात आपोआप बंद पडली असणार, आणि मुलगी बघायच्या घाईत यांनी चावी फिरवलीच नसणार. आत पोहे चालले होते तोवर इकडे बॅटरी पाझरत होती.

"बॅटरी बसली असणार," लतीफभाई घाम पुसत म्हणाले. "थांबा साहेब. आपल्या मोटारीची बॅटरी कशाला आहे? दोन तारा लावू, एक किक मारा, घर्र करून निघंल."

त्यांनी डिकीतून वायरचं भेंडोळं काढलं आणि मोटारीचं बॉनेट उघडलं. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. त्या जुन्या मोटारसायकली सहा व्होल्टवर चालायच्या. दुप्पट दिले तर कॉइल तापून जळणार, बल्ब उडणार, आणि मग ती गाडी खरोखरच बैलगाडीत घालून लातूरला न्यावी लागली असती. आत्याला आणखी काय हवं होतं?

"थांबा," ओट्यावरून अण्णांचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. अण्णा खांबाला धरून उभे होते. "मोटारीची बारा व्होल्टची आहे. गाडीला सहा लागतात. अशी सरळ लावू नका, जाळाल."

"च्यायला, हो की!" लतीफभाईंनी कपाळावर हात मारला. "बरं आठवण केली. आता हो?"

बळवंतराव हसले. "अहो, आता हो काय? आपण कुणाच्या दारात उभे आहोत? ज्याचा धंदाच बॅटरीचा, त्याच्या दारात बॅटरीचं कसलं कोडं? अण्णा, या खाली. तुम्हीच लावा."

लतीफभाईंनी तारा अण्णांपुढे धरल्या.

अण्णा पायऱ्या उतरले. त्या पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या, त्यामुळे ते नेहमीच्या माणसासारखेच उतरले. मग हात पुढे केला. तारांच्या डाव्या बाजूला, वीतभर लांब. लतीफभाईंनी न बोलता तारा सरकवून त्यांच्या हातात दिल्या. आई दारात आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

अण्णा तसेच उभे राहिले. हातात तारा, समोर उघडं बॉनेट. बॅटरीच्या कुठल्या टोकाला काय लावायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण चाचपून लावताना एक तार भलतीकडे टेकली असती तर ठिणगी उडाली असती, आणि ठिणगीनं त्यांचं काय केलं होतं ते आम्हाला माहीत होतं. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार होतं.

"काय झालं अण्णा?" बळवंतराव म्हणाले.

मी भिंतीवर दोन्ही हात टेकले. काकूंनी खालून माझं पातळ धरलं. "जाऊ नको गं, पोरी. ताईचा विचार कर."

तेवढ्यात अण्णांनी मान वळवली. आमच्या भिंतीकडे. त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं. पण मी कुठं असणार हे बाप म्हणून त्यांना ठाऊक होतं.

"द्वारके," ते मोठ्यानं म्हणाले. "ये बाहेर."

आई "अहो" म्हणाली. तेवढंच.

मी दरवाज्यानं जायला हवं होतं. पण सगळ्यांच्या देखत भिंतीवर पाय टाकला आणि पलीकडे उडी मारली. पातळाची भोकं, विस्कटलेली वेणी, सगळं घेऊन मी पाहुण्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. आत्यानं पानाचा डबा या काखेतून त्या काखेत घेतला.

"ही कोण?"

"माझी धाकटी. द्वारका." अण्णांनी तारा माझ्या हातात ठेवल्या. "मला दिसत नाही, बळवंतराव. ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही, आणि दिसणारही नाही. दुकानात माणसं नाहीत. दुकान ही चालवते. घरही तिच्यावरच चालतं. तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. आता सांगितलं. पुढचं गाडी चालू झाल्यावर बोलू."

दुसरं कुणी बोलायच्या आत ते माझ्याकडे वळले आणि दुकानातल्यासारखं विचारलं, "काय दिसतंय?"

"चावी चालू राहिली होती, अण्णा."

विश्वंभरनं दचकून गाडीकडे बघितलं आणि चावी फिरवली. त्याचे कान लाल झाले. "दोन तास?" तो पुटपुटला.

"आत्याबाई," लतीफभाई म्हणाले, "अपशकुन सापडला. साहेबांच्या खिशात असायला हवा होता, गाडीला लटकत होता."

बळवंतराव खो खो हसले. आत्या हसली नाही.

"पण पोरी," लतीफभाई माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बॅटरी बाराची, गाडी सहाची. मग काय, अर्धी बॅटरी कापून देतीस?"

"कापायची कशाला? बारातले सहा घ्यायचे."

आता नातवाच्या गाडीची बॅटरी बघते तर सगळी प्लास्टिकनं बंद, आतलं काही दिसत नाही. त्या काळी तसं नव्हतं. बॅटरीच्या पोटात सहा खण असायचे, प्रत्येक खण दोन व्होल्टचा, आणि एका खणाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसायच्या. एक तार टोकाला लावायची, तीन खण मोजायचे, आणि दुसरी तार तिथल्या पट्टीला टेकवायची. बरोबर सहा मिळतात. अण्णांनी मला हे शिकवलं तेव्हा बॅटरीवर माझं बोट धरून खण मोजून घेतले होते, लहानपणी पाटीवर धरायचे तसं.

"गाडी जवळ घ्या," मी विश्वंभरला म्हणाले. "पण मोटारीला टेकू देऊ नका. बोटभर तरी फट ठेवा. लोखंडाला लोखंड लागलं तर मधूनच वीज पळेल."

"बरं," तो म्हणाला, आणि खरंच फटीत बोट घालून बघितलं.

"कुठून मोजलेस?" अण्णांनी विचारलं. ते माझ्या खांद्यामागे उभे होते.

"जाड टोकाकडून तीन."

"पट्टीवर मळ असेल."

"लतीफभाई, चाकू आहे?"

लतीफभाईंनी सुपारी कातरायचा चाकू दिला. मी पट्टी खरवडली. राखाडी मळ निघून खालचं शिसं चकाकायला लागलं. मग गाडीच्या बॅटरीची टोकं पुसली, कुठलं कुठं जातंय ते दोनदा बघितलं, आणि तारा लावायला हात पुढे केला.

"अगंबाई!" आत्या एकदम म्हणाली. "हातांना काय झालंय पोरीच्या?"

मी हात मागे घेणार होते. तीन वर्षांची सवय. पण अण्णा म्हणाले, "ॲसिड आहे ते, आत्याबाई. धुतलं तरी जात नाही. त्या हातांनी या तालुक्यातले निम्मे ट्रक चालू केलेत." आणि मग मला, "लाव."

मी हात कुठंही लपवला नाही. सगळ्यांना दिसेल असा पुढे केला आणि तारा लावल्या.

"चावी फिरवा," मी म्हणाले. गाडीच्या मीटरमधला लालबुंद बारका दिवा लागला. "आता मारा किक."

पहिल्या किकला गाडी खोकली. दुसऱ्या किकला असा आवाज झाला की समोरच्या कौलांवरची कबुतरं उठली. निळा धूर गल्लीभर पसरला.

"झाली गं, झाली!" भिंतीवरून काकू ओरडल्या. त्या स्वतःच आता घमेल्यावर चढल्या होत्या.

लतीफभाईंनी मला सलाम ठोकला. "उस्ताद! आमच्या गॅरेजात ये, मिस्त्रीला घरी बसवतो."

बळवंतराव मात्र हसत नव्हते. ते मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होते. ते अण्णांच्या जवळ गेले. "पांचाळ, मी व्यापारी माणूस, मनातलं बोलतो. मुलीच्या कमाईचं मला काही वाटत नाही. माझे तीन ट्रक आहेत आणि रोज एक तरी बंद असतो. आम्हाला ही धाकटीच द्या. थोरलीचं पुढं बघता येईल."

ते थट्टा करतायत असं आधी वाटून आईनं हसू आणलं. मग तिला कळलं.

मी दाराकडे बघितलं. ताई उंबऱ्यात उभी होती. पसंत झालेली मुलगी ज्या चेहऱ्यानं निरोप द्यायला येते त्या चेहऱ्यानं ती आली होती, आणि तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर विझत गेला. ती रडली नाही. आतही गेली नाही. तिथंच उभी राहिली. मला वाटलं, त्या तारा उपटून फेकून द्याव्यात.

"बळवंतराव," अण्णा म्हणाले. गाडीच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून ते मोठ्यानं बोलत होते, पण रागानं नाही. त्यांनी चष्मा काढला. गल्लीत, उजेडात, परक्यांपुढे त्यांना चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा पाहत होते. "हे डोळे जळाले तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात मी भिंतीवर डोकं आपटायचो. मला मरायचं होतं. थोरली उशाशी बसून दर घटकेला डोळ्यांत थेंब घालायची आणि म्हणायची, अण्णा, आज कबुतरं आलीत खिडकीत, आज समोर लिंबाला मोहोर आलाय. मी जगलो तो तिच्यामुळे. धाकटीनं दुकान सांभाळलं, थोरलीनं मला. यात डावी-उजवी करायला मी बाजार मांडलेला नाही. तुम्ही थोरलीला बघायला आलात. पसंत नसेल तर नाही म्हणा, चहा पिऊन जा. पण बदलून मिळायची नाही."

अण्णा आम्हा दोघींबद्दल परक्यांसमोर असं कधी बोलले नव्हते. दवाखान्यातलं तर मलाही माहीत नव्हतं. मी ताईकडे बघितलं. तिनं मान ताठ केली होती.

गाडी धडधडत होती. आत्यानं डबा उघडून पान काढलं आणि खायला विसरली.

तेवढ्यात विश्वंभरनं चावी फिरवली.

आवाज तुटला. एवढ्या खटपटीनं चालू झालेली गाडी बंद. गल्ली इतकी शांत झाली की बॉनेटखाली काहीतरी टिकटिक करत निवताना ऐकू आलं.

"बंद का केलीत?" उंबऱ्यातून ताई म्हणाली. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं आपलं नाव आणि शिक्षण सांगितलं होतं, तेवढंच. "आता तारा काढल्या की परत चालू व्हायची नाही."

"ठाऊक आहे," विश्वंभर म्हणाला. चावी त्यानं या वेळी आठवणीनं काढली आणि खिशात घातली. "मामा, आठ दिवसांनी कळवायचं ते आत्ताच कळवू या. मी यांनाच बघायला आलो होतो, आणि मला पसंत आहेत. त्यांना मी पसंत आहे का, ते विचारा."

"अरे पण," आत्या म्हणाली, "गाडी दारात अडली..."

"अडलेली नाही, आत्या. मी थांबवली."

त्या घटकेपासून मी त्यांना दाजी म्हणते. अण्णांची शेवटची बारा वर्षं दाजी दर महिन्याला लातूरहून यायचे आणि त्यांना ओट्यावर बसून अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, जाहिरातींसकट. आणि दुकान मी साठी उलटेपर्यंत चालवलं, पाटीवर माझं नाव घालून. पण ते सगळं पुढचं.

त्या वेळी लतीफभाईंनी बॉनेटकडे हात नेला आणि मी तारा काढायला वाकले. ताई पायऱ्यांवरून खाली येत होती. आईनं डोळे पुसून चहाचं आधण ठेवायला आत धाव घेतली. आत्यानं शेवटी पान तोंडात घातलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "चहात आलं घाला म्हणावं."

"तारा राहू दे, द्वारके," अण्णा म्हणाले. "बोलणं होईस्तोवर तिच्यात थोडा जीव भरू दे."

मग पाहुण्यांकडे तोंड करून त्यांनी ओट्याकडे हात केला.

"या, बसा. गाडीची काळजी करू नका. द्वारका बघेल."